पट्टीचा पोहणारा नळीतून श्वास घेतो तेव्हा

समुद्रातली प्रवाळं बघायला रीफवर निघालेल्या जवळपास प्रत्येक होडीवर हा प्रसंग घडतो. गाइड मास्क कसा लावायचा ते दाखवायला घेतो आणि एकजण हात झटकून म्हणतो, "ते बाकीच्यांना सांगा, मला पोहता येतं." होडीच्या दुसऱ्या टोकाला एखाद्या काकू लाइफ जॅकेटचा पट्टा घट्ट धरून बसलेल्या असतात. "मला कुठे पोहता येतं? मी आपली वरूनच बघते." दोघांचा गैरसमज एकच आहे. स्नॉर्कलिंग, म्हणजे तोंडात नळी धरून पाण्यावरून खाली बघणं, हा पोहण्याचाच एक हलकाफुलका, सुट्टीतला प्रकार, असं दोघांनीही धरलेलं असतं. मग ज्याला पोहता येतं त्याला तो येणारच आणि ज्याला येत नाही त्याने त्या वाटेला जायचंच नाही. हे इतक्यांदा ऐकलंय की आता कुणी "मी लहानपणापासून पोहतो" म्हणालं की मी गुपचूप त्याच्यावर नजर ठेवतो. पंधरा मिनिटांनी गाइडच्या तरंगत्या रिंगला लटकून धापा टाकणारा बऱ्याचदा तोच असतो.

हे मी अनुभवाने सांगतोय, कारण पहिल्यांदा तो धापा टाकणारा मीच होतो.

पोहण्याबद्दल फार सांगायची गरज नाही, ते तुम्हाला येतं. पोहणं म्हणजे अंतर कापणं. हात मारायचे, पाय मारायचे, या कडेपासून त्या कडेला जायचं. स्नॉर्कलिंगमध्ये जायचं कुठेच नसतं. पाण्यावर पालथं पडायचं आणि खाली बघायचं. अर्ध्या तासात शंभरेक मीटर सरकलात तरी पुष्कळ झालं. हात अंगाशी किंवा छातीवर घडी घालून ठेवायचे, कारण हात फिरवले की ते प्रवाळावर आपटतात. पायाला फिन्स, म्हणजे माशाच्या परांसारखे लांब रबरी पंजे, असल्यामुळे बेडकासारखे पाय फाकवायचे नाहीत, कंबरेपासून सावकाश वरखाली हलवायचे. गुडघ्यातून सायकल मारल्यासारखे पाय मारणारे फक्त फेस काढतात, पुढे जात नाहीत. हे सगळं गाइड सांगतो आणि ते दहा मिनिटांत जमतं.

जमत नाही तो श्वास. आणि गंमत म्हणजे न पोहणाऱ्यापेक्षा पोहणाऱ्याला तो जास्त छळतो.

फ्रीस्टाइल पोहताना आपण काय करतो ते आठवा. तोंड पाण्यात असताना नाकातोंडाने बुडबुडे सोडायचे, मान वळवायची, निमिषभरात घटकन हवा ओढायची, मान परत आत. वर्षानुवर्षं तलावात काढली की हे इतकं अंगात मुरतं की तोंडाला पाणी लागलं की श्वास आपोआप तुटक आणि घाईचा होतो. तलावात ते चालतं, कारण मान वळवली की तोंडासमोर मोकळी हवा असते. स्नॉर्कलमध्ये तोंडासमोर नळी असते.

ही नळी नेमकं काय करते ते आकड्यांत बघू. निवांत असताना मोठा माणूस एका श्वासाला साधारण ५०० मिलिलिटर हवा घेतो. त्यातली १५० च्या आसपास नाक, घसा आणि श्वासनळीतच राहते. फुप्फुसात जिथे प्राणवायू रक्तात जातो, तिथवर ती पोचत नाही. श्वास सोडताना शेवटची १५० मिलिलिटर वापरलेली हवा याच वाटेत रेंगाळते आणि पुढच्या श्वासाला तीच आधी आत जाते. म्हणजे ५०० घेतले तरी ताजी हवा ३५० च. आता तोंडाला ३५-४० सेंटीमीटरची नळी लावा. तिच्या पोटात आणखी दीडशेच्या आसपास हवा मावते. रेंगाळणारी हवा झाली ३००. तोच अर्ध्या लिटरचा श्वास घेतला, तर हाती ताजी हवा येते फक्त २०० मिलिलिटर.

आता पोहणाऱ्याचा तो घाईचा, उथळ श्वास बघा. समजा तो ३०० मिलिलिटरचा आहे. तीनशेतून तीनशे गेले. छाती जोरजोरात हलतेय, नळीतून सूं-सूं आवाज येतोय आणि ताजी हवा जवळपास शून्य! माणूस आपलीच वापरलेली हवा पुन्हा पुन्हा आत-बाहेर करत असतो.

यापुढे शरीर जे करतं ते आणखी वाईट. गुदमरल्यासारखं वाटतं ते बहुतेक वेळा प्राणवायू संपला म्हणून नाही, तर कार्बन डायऑक्साइड साठला म्हणून. तो साठला की मेंदू हुकूम सोडतो, भरभर श्वास घे. भरभर घ्यायला गेलं की श्वास आणखी उथळ होतो आणि कार्बन डायऑक्साइड आणखी साठतो. मग माणूस डोकं वर काढतो, माउथपीस थुंकतो आणि ठणकावून सांगतो, "नळी चोंदलीये." नळी स्वच्छ असते. मीही तेच सांगितलं होतं. गाइडने माझी नळी हातात घेतली, आरपार बघितली, परत माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "हवा घेऊ नका. आधी सोडा. सगळी सोडा."

सगळी युक्ती एवढीच आहे. मिनिटाला दहा लिटर हवा दोन प्रकारे आत घेता येते, अर्ध्या लिटरचे वीस श्वास किंवा एका लिटरचे दहा. नळी लावल्यावर पहिल्या प्रकारात ताजी हवा मिळते चार लिटर, दुसऱ्यात सात. कष्ट जास्त नाहीत, हवा मात्र पावणेदोनपट. म्हणून श्वास मोठा, सावकाश, आणि लक्ष घेण्यावर नाही, सोडण्यावर. पोट आत जाईपर्यंत सोडायचा. नीट सोडला की पुढचा आपोआप खोल येतो. पाण्यात उतरलं की होडीची शिडी धरून तोंड पाण्यात घालायचं आणि असे वीस श्वास मोजायचे, मासे नंतर. ज्याला हे वीस श्वास लाजिरवाणे वाटतात, तो पुढे हमखास थकतो.

पोहणाऱ्यांच्या आणखी दोन सवयी याच मुळातून येतात. पहिली नाकाची. तलावातला चष्मा फक्त डोळे झाकतो, नाक मोकळं असतं आणि आपण त्यातून बिनधास्त हवा सोडतो. मास्कमध्ये नाक आत असतं. तिथे नाकाने सोडलेली दमट, गरम हवा थेट काचेवर जाते आणि काच धुरकटते. जास्त जोरात सोडली तर मास्कची सिलिकॉनची कड उचलली जाते आणि पाणी आत येतं. मग "मास्क गळका दिला" म्हणून तक्रार. दाढीमिशा आणि कडेखाली अडकलेले केस हीदेखील गळतीची कारणं आहेत, पण मास्कला दोष देण्यापूर्वी एकदा नाक तपासा. उलट, मास्क घालून खाली सूर मारला तर कान-डोळ्यांवरचा दाब सांभाळायला हेच आतलं नाक कामाला येतं. मास्कमध्ये थोडी हवा सोडता येते, नाक चिमटीत धरून कान मोकळे करता येतात. पोहण्याचा चष्मा लावून खोल गेलात तर डोळ्यांवर नुसता चिमटा बसतो. म्हणून "माझा स्वतःचा चष्मा आहे" म्हणून तो घेऊन येऊ नका.

दुसरी सवय मानेची. श्वासासाठी मान वळली की नळीचं टोक पाण्यात आणि तोंडात खारट घोट. डोकं स्थिर ठेवायचं, नजर खाली आणि किंचित पुढे. तरीही लाटेचं पाणी कधीतरी नळीत शिरणारच. अशा वेळी डोकं वर न काढता एकदा जोरात फुंकर मारायची, पाणी नळीबाहेर उडतं. त्यानंतरचा पहिला श्वास मात्र जपून, तळाशी थोडं राहिलेलं असू शकतं.

आणि दमलात म्हणून पाण्यात उभं राहून नळीतून श्वास घेऊ नका. पालथं असताना छाती पृष्ठभागाखाली जेमतेम वीतभर असते. उभं राहिलात की ती आणखी खाली जाते, तिच्यावरचा पाण्याचा भार वाढतो आणि प्रत्येक श्वास ओढून घ्यावा लागतो. नळी आणखी लांब का नाही करत, असं मुलं नेहमी विचारतात. त्याचंही उत्तर हेच. फक्त एक मीटर खोलीवर पाणी दर चौरस फुटाला नव्वदेक किलोंच्या भाराने दाबतं. एवढ्या ओझ्याविरुद्ध वरची साधी हवा खाली ओढत राहणं आपल्या छातीला झेपत नाही. म्हणून विश्रांती हवी असेल तर पाठीवर उताणे व्हा, नळी काढा आणि मोकळी हवा घ्या. पूर्ण चेहरा झाकणारे ते नव्या पद्धतीचे मास्क मला अजिबात आवडत नाहीत, त्याचंही एक कारण हेच. पाणी शिरलं किंवा दम लागला तर साधी नळी थुंकता येते, तो मास्क मात्र डोक्यावरून ओरबाडून काढावा लागतो. शिवाय त्यात नाक चिमटीत धरता येत नाही.

आता होडीत बसलेल्या काकूंकडे वळू. लाइफ जॅकेट घातलं, रिंग धरली, शेजारी गाइड आहे आणि समुद्र शांत आहे, तर पाण्यावर तरंगण्यासाठी त्यांना काहीच करावं लागत नाही. मोडायला जुनी सवय नसते, त्यामुळे "तोंडाने सावकाश" सांगितलं की त्या तोंडाने सावकाश श्वास घेतात. माझी नळी तपासली जात होती तेव्हा आमच्या होडीवरच्या अशाच एक काकू रिंगला धरून बोट दाखवत होत्या. नळीतून नुसतं "ऊं! ऊं!" ऐकू येत होतं. खाली कासव होतं. मला दिसलं नाही.

याचा अर्थ पोहणं फुकट गेलं असा नाही. पट्टा सुटला, मास्क पाण्याने भरला, प्रवाहाने थोडं लांब नेलं, तर डोकं शांत ठेवणारी गोष्ट म्हणजे पोहता येणं. न पोहणाऱ्याने रिंग आणि गाइड सोडून कुठेही जायचं नाही, यात घासाघीस नाही. आणि हृदयाचा, फुप्फुसांचा किंवा फिट येण्याचा त्रास असेल तर पोहता येवो न येवो, तो निघण्याआधी सांगायचा. ग्रेट बॅरियर रीफच्या किनाऱ्यावर, ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये, सहली नेणाऱ्यांनी हे विचारायचं असा दंडकच आहे. गाइडने विचारलं की लोकांना अपमान का वाटतो, हे मला कधीच कळलेलं नाही.

पोहणाऱ्यांसाठी मात्र एक धोका वेगळा आहे. तलावात एका दमात पाण्याखालून पलीकडे जायच्या पैजा लावलेल्या असतात, तेच इथे करायचा मोह होतो. सूर मारण्याआधी भराभर दहा-पंधरा श्वास घेऊन "हवा भरून घ्यायची" पद्धत तर सोडूनच द्या. त्याने प्राणवायू फारसा वाढत नाही, कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे वर ये म्हणून सांगणारी घंटाच बंद पडते. माणूस पाण्याखाली काही कळायच्या आत बेशुद्ध होऊ शकतो.

राहिलेल्या दोन गोष्टी माझ्या रागाच्या आहेत. दमल्यावर प्रवाळावर उभं राहणं. तो खडक वाटतो, पण जिवंत आहे. घुमटासारखी मोठी प्रवाळं वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतात आणि तुमची टाच एका क्षणात कित्येक वर्षांची वाढ खरवडते. काही प्रवाळं उलट चावतात. फायर कोरल, म्हणजे आगीचं प्रवाळ, हे नाव उगाच पडलेलं नाही. दुसरी गोष्ट, होडीकडे बघून आनंदाने हात हलवणं. पाण्यात हात हलवणं म्हणजे "वाचवा". ठीक आहे सांगायचं असेल तर हात डोक्यावर आणून बोटं माथ्याला लावायची. आणि घरी गेल्यावर माशाची लांबी सांगताना चौथा हिस्सा वजा करा. पाण्यात काचेतून तीन फुटांचा मासा चार फुटांचा दिसतो.

त्या दिवशी शेवटच्या दहा मिनिटांत माझा श्वास एकदाचा सावकाश झाला. तोवर कानात फक्त माझ्याच नळीची घरघर होती. ती थांबली तेव्हा लक्षात आलं, खाली अजिबात शांतता नाही. ओलं लाकूड जळताना तडतडतं तसा सगळीकडून बारीक तडतडाट येत होता. बोटभर लांबीच्या कोळंब्या एका नांगीने चुटक्या वाजवतात, त्याचा तो आवाज. आणि मधूनच, अगदी स्पष्ट, कुरूम-कुरूम. हिरवानिळा पोपटमासा चोचीने प्रवाळाचा दगड खात होता.