लघवीची नळी: नंबर, फुगा आणि काढण्याची वेळ

वॉर्डात पेशंटच्या खाटेला लघवीची पिशवी लटकत असते. ती भरली का, एवढं नातेवाईक बघतात; नळी आत टिकते कशी, हे क्वचितच कुणी विचारतं. ती टिकते टोकाजवळच्या फुग्यावर. नळी मूत्राशयात पोहोचून लघवी येऊ लागली की हा फुगा साधारण 10 मिली निर्जंतुक पाण्याने फुगवतात. सलाइन टाळतात, कारण मिठाचे स्फटिक फुग्याला जाणाऱ्या बारीक वाटेत अडकले तर फुगा रिकामा होत नाही. अमेरिकन युरॉलॉजिस्ट फ्रेडरिक फोली यांनी 1930च्या दशकात ही नळी आणली, म्हणून ती 'फोलीज'.

नळीचा नंबर तिच्या बाहेरच्या व्यासावरून ठरतो. त्याला तीनने भागलं की मिलिमीटर मिळतात. 16 नंबर म्हणजे सुमारे 5.3 मिमी. पॅरिसचे उपकरणकार शारिएर यांचं हे माप. फुग्यात पाणी भरायचं नळीचं जे तोंड बाहेर असतं, त्याचा रंगही नंबर सांगतो: 14 हिरवा, 16 नारिंगी, 18 लाल. मोठ्या माणसांना बहुधा 14 किंवा 16 पुरतो. उगाच जाड नळी घातली तर मूत्रमार्गाला इजा होते. लघवीत रक्ताच्या गुठळ्या येत असतील तर मात्र जाड, तीन तोंडांची नळी लागते; तिसऱ्या तोंडातून पाणी सोडून मूत्राशय धुतात.

मणक्याच्या दुखापतीनंतर अनेकजण साधी, बिनफुग्याची नळी दिवसातून काही वेळा स्वतः घालून लगेच काढतात. शक्य असेल तिथे हा मार्ग फार चांगला, कारण कायम आत राहिलेल्या नळीवर जंतूंचा बुळबुळीत थर जमतो. नळी जितके दिवस आत, तितका संसर्गाचा धोका जास्त. म्हणून राउंडला आलेल्या डॉक्टरांना रोज बेधडक विचारावं, "नळी अजून लागणार आहे का?" पिशवी मूत्राशयाच्या खालीच असावी, पण जमिनीला टेकू नये.

काढताना सिस्टर फुग्याच्या तोंडाला सिरिंज लावतात आणि पाणी आपोआप परत येऊ देतात. दट्ट्या जोरात ओढला तर फुग्याला जाणारी वाट आतून चिकटते. जेवढं पाणी भरलं तेवढं परत आलं, हे बघूनच नळी हळूच ओढतात. अडली तर थांबतात. भ्रमात असलेला पेशंट फुगलेल्या फुग्यासकट नळी ओढतो तेव्हा मूत्रमार्ग फाटून रक्त येतं. तशा पेशंटजवळ कुणीतरी बसायलाच हवं.

नळी निघाल्यावर पहिल्या एकदोन वेळा थोडी जळजळ होते. सहा-आठ तासांत लघवी झाली नाही, किंवा ओटीपोट फुगून दुखू लागलं, तर सकाळची वाट न बघता लगेच सिस्टरना सांगावं.