रंगमंचावरची पेटती विडी : कोकणातली पार्श्वभूमी

नाटक चालू असताना प्रेक्षकाने विडी ओढू नये, हे आता सगळ्यांना मान्य आहे. पात्राने ओढावी का, यावर मात्र हौशी मंडळींच्या तालमीत अजून वाद होतो. कोकणात या दोन्ही गोष्टींना कायद्यापेक्षा जुना इतिहास आहे.

तळकोकणात दशावतार देवळाच्या आश्रयाने वाढला. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की रात्री सभामंडपात किंवा देवळासमोरच्या आवारात खेळ उभा राहतो. आधी सूत्रधार, गणपती, सरस्वती, संकासुर यांचा आडदशावतार म्हणजे पूर्वरंग, मग आख्यान आणि पहाटे दहीकाला. जिथे चपला बाहेर काढून बसायचं, तिथे विडी शिलगावण्याचा प्रश्नच नव्हता. तलफ आलीच तर माणूस उठून आवाराच्या कडेला, वडीलधाऱ्यांच्या नजरेआड जायचा. नियम लिहिलेला नव्हता, पण पाळला जायचा. त्याला व्यवहाराची बाजूही होती. झावळ्यांच्या मांडवाखाली एक ठिणगी पुरेशी असते.

धूर मात्र रंगभूमीला परका नव्हता. राक्षसाच्या प्रवेशाला मशालीवर राळ, म्हणजे झाडाच्या वाळलेल्या चिकाची पूड, उडवायची, भडका व्हायचा आणि पोरं आयांना बिलगायची. १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' करणाऱ्या विष्णुदास भाव्यांच्या पौराणिक खेळांतही राळेचा भपका होता. त्यांना प्रेरणा मिळाली ती किनाऱ्यावरच्याच, उत्तर कन्नडातल्या कर्की गावच्या भागवत मंडळींच्या खेळातून. हा धूर देवादिकांच्या आणि राक्षसांच्या गोष्टीतला होता. माणसाच्या व्यसनाचा धूर रंगमंचावर आला तो पुढे सामाजिक नाटकांबरोबर. दिवाणखान्यातला साहेब, चाळीतला गिरणी कामगार, सुट्टीवर गावी आलेला चाकरमानी अशी पात्रं आली आणि सिगारेट-विडी अभिनयाचं हत्यार झाली.

कायदा उशिरा आला. मुंबईचे नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये सभागृहं, रुग्णालयं, शाळा, ग्रंथालयं, रेल्वे अशा ठिकाणी धूम्रपानाला मनाई केली. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने ती पक्की केली, पण 'सार्वजनिक जागे'च्या व्याख्येतून मोकळी जागा वगळली. म्हणजे रत्नागिरीचं सावरकर नाट्यगृह किंवा मालवणचं मामा वरेरकर नाट्यगृह मनाईत आलं आणि जत्रेतला उघड्यावरचा प्रयोग सुटला, असं वाटू शकत होतं. २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांनी ही पळवाट बुजवली. खुलं प्रेक्षागृह, स्टेडियम, बसथांबा यांसारख्या लोकांच्या वावराच्या जागा 'मोकळी जागा' धरता येणार नाहीत, असं त्यांत स्पष्ट लिहिलं आहे. कोकणासाठी माझ्या मते हीच ओळ सगळ्यात मोलाची, कारण इथलं निम्मं नाटक आभाळाखाली होतं.

आता पात्राचं. इंग्लंडने २००७ मध्ये धूम्रपानबंदी आणताना, कलाकृतीला गरज असेल तर कलाकाराला सूट दिली. स्कॉटलंडने दिली नाही. २००६ च्या एडिंबरो महोत्सवात चर्चिलची भूमिका करणाऱ्या मेल स्मिथला सिगार पेटवता आला नाही. आपल्या कायद्यात नटासाठी वेगळं कलम नाही. प्रेक्षागृहात तंबाखू पेटली की ती कोणी पेटवली याला महत्त्व नाही. दंड २०० रुपयांपर्यंत. कायद्याच्या व्याख्येत धूम्रपान म्हणजे तंबाखूचं धूम्रपान, त्यामुळे तंबाखूविरहित कांडी या कलमाबाहेर राहते. तरी धूर तो धूरच, आणि पहिल्या रांगेतल्या दमेकऱ्याला व्याख्येचा उपयोग नाही. ई-सिगारेटचा पर्यायही उरलेला नाही, कारण २०१९ मध्ये तिच्या विक्रीवर आणि साठ्यावर देशभर बंदी आली. सिनेमात पात्र धूर सोडत असताना खाली इशारा झळकतो, तो नियम नाटकाला लागू नाही.

मला स्वतःला पेटती विडी रंगमंचावर नकोच वाटते. दशावतारी नटाचे संवाद लिहिलेले नसतात. पायपेटी आणि पखवाजाच्या साथीने तो रात्रभर ते उत्स्फूर्त बोलतो, गातो, आणि हंगामात हे रोज चालतं. त्याचं सारं भांडवल गळा आहे. शिवाय एका बाकड्याला इंद्राचं सिंहासन मानणारा प्रेक्षक न पेटलेल्या विडीलाही पेटलेली मानतो. तालमीत दिग्दर्शकाने झुरका, खोकला, राख झटकणं एवढं घटवून घेतलं तर काही कमी पडत नाही.

अडचण आहे ती अंमलबजावणीची. नियमानुसार ६० बाय ३० सेंटिमीटरचा मनाईचा फलक आणि तक्रार कोणाकडे करायची त्याचं नाव जागेवर लावायला हवं. जागा ज्याच्या ताब्यात, तो जबाबदार. नाट्यगृहाला व्यवस्थापक असतो. जत्रेत देवस्थान समिती असते, खेळ ठरवणारं मंडळ असतं, मांडव तिसऱ्याचाच असतो. यातल्या कोणाचं नाव फलकावर लिहायचं, हे सुपारी देतानाच ठरवून घेतलं पाहिजे.