एक्स्टेन्शन ट्यूब : बिनकाचेच्या नळीचा इतिहास

एक्स्टेन्शन ट्यूबमध्ये काच नसते. कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारी ही नुसती पोकळ नळी. लेन्स फिल्मपासून जितकी लांब जाईल तितकं जवळचं फोकस होतं, एवढ्यावरच तिचा सगळा संसार. ५० मिमीची लेन्स अनंतावर, म्हणजे सर्वांत दूरच्या फोकसवर, ठेवून मागे २५ मिमीची नळी लावली की प्रतिमा वस्तूच्या निम्म्या आकाराची पडते. ५० मिमीची लावली की जेवढ्यास तेवढी.

एकोणिसाव्या शतकातल्या छायाचित्रकाराला अशा नळीची फारशी गरज नव्हती. त्याच्या लाकडी कॅमेऱ्याला लोहाराच्या भात्यासारखे घडीचे बेलोज असत. जवळचं टिपायचं तर ते ताणायचे. ही सोय गेली छोट्या कॅमेऱ्यांमुळे. १९२५ मध्ये लायका बाजारात आला, सुटसुटीत खराच, पण लेन्स पुढे सरकायला काही मिलिमीटरच जागा. नळी लावावी तर व्ह्यूफाइंडर लेन्समधून बघतच नाही! मग मोजलेल्या अंतरावर चौकट उभी करायची आणि तिच्या आत फूल बसवायचं.

१९३६ मध्ये ड्रेस्डेनच्या इहागे कंपनीने किने एक्झाक्टा हा ३५ मिमीचा एसएलआर, म्हणजे आरशामार्फत लेन्समधूनच बघायचा कॅमेरा, आणला आणि नळीचे दिवस पालटले. लेन्सला दिसतं तेच आता डोळ्याला दिसू लागलं. पुढे १९४९ च्या कॉन्टॅक्स एसपासून ४२ मिमीच्या आट्यांचं माउंट, म्हणजे लेन्स बसवायचं तोंड, रुळलं. एकात एक पिळून बसवायच्या तीन नळ्यांचा संच हौशी माणसाच्याही आवाक्यात आला.

अडचण उजेडाची होती. जेवढ्यास तेवढ्या प्रतिमेला चौपट, म्हणजे दोन स्टॉप जास्त (दर स्टॉपला दुप्पट) प्रकाश लागतो. हा हिशेब कागदावर करावा लागे. १९६३ चा टॉपकॉन आरई सुपर आणि १९६४ चा पेंटॅक्स स्पॉटमॅटिक लेन्समधून आलेला प्रकाशच मोजू लागले, तेव्हा ती कटकट संपली. दरम्यान १९५५ मध्ये किलफिटची माक्रो-किलार ही मॅक्रो, म्हणजे खास जवळचं टिपायची, लेन्स आली होती. मॅक्रो लेन्स आल्यावर नळी अडगळीत जायला हवी होती. पण निकॉनच्या ५५ मिमी ऑटो मायक्रो-निकॉरलाही निम्म्यापुढे जायला स्वतःची रिंग, म्हणजे एक नळीच, लागायचीच.

१९८७ मध्ये कॅननच्या ईओएस कॅमेऱ्यांनी अॅपर्चरचा, म्हणजे लेन्समधल्या प्रकाशाच्या भोकाचा, कारभार पूर्ण विजेवर नेला आणि स्वस्त, कोऱ्या नळीचं अवघड झालं. तिला विजेचे संपर्कबिंदूच नाहीत, त्यामुळे अॅपर्चर सताड उघडं आणि मुंगीचा एक डोळा स्पष्ट, बाकी सगळी धुकट. यावरची युक्ती अजूनही चालते: नळीशिवाय एफ ११, म्हणजे बारीक अॅपर्चर, लावायचं, ते प्रत्यक्ष मिटवणारं डेप्थ ऑफ फील्डचं बटण दाबून धरायचं आणि तशीच लेन्स उतरवायची. अॅपर्चर तिथेच अडकून राहतं. कॅमेऱ्याला हा प्रकार रुचत असेल असं वाटत नाही. संपर्कबिंदू असलेल्या नळ्या, उदाहरणार्थ केन्कोचा १२, २० आणि ३६ मिमीचा संच, महाग पडतात त्या या विजेच्या जोडणीमुळे. हवा तर दोन्हींत सारखीच.

वाइड लेन्सवर मात्र जपून. २४ मिमीच्या मागे २५ मिमीची नळी लावली, तर फोकसची जागा पुढच्या काचेला जवळजवळ चिकटते, कधी काचेच्या आतच जाते.