लखिना पॅटर्न

लखिना पॅटर्न : सरकारी कार्यालयाची मांडणी, दप्तर आणि लोकांशी होणारा व्यवहार सुधारण्याची महाराष्ट्रातील पद्धत. अनिलकुमार लखिना यांनी 1980 च्या दशकात अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) जिल्हाधिकारी असताना ती बसवली आणि तिला त्यांचेच नाव पडले. साहेबाचे नेतृत्व आणि कारकुनाची कामाशी असलेली बांधिलकी एकमेकांना कशी धरून असतात, हे या प्रयोगात स्पष्ट दिसते.

सुरुवात जुन्या कागदांपासून झाली. दप्तराचे वर्ग ठरलेले असतात : ‘अ’ कायम जपायचे, ‘ब’ 30 वर्षे, ‘क-1’ 10, ‘क’ 5 आणि ‘ड’ 1 वर्ष. पण वर्गवारी वर्षानुवर्षे तुंबली की कपाटांवर धूळ खाणाऱ्या गठ्ठ्यांत एक फेरफार (जमिनीच्या हक्कातील बदलाची नोंद) शोधायला दिवस जातो आणि शेतकऱ्याला ‘उद्या या’ सांगितले जाते. तो कारकून कामचुकार असतोच असे नाही. बहुतेकदा त्याला कागदच सापडत नसतो. दप्तर लागले, बसण्याची जागा नीट झाली, कोणते काम कुठल्या टेबलावर होते याच्या पाट्या लागल्या, की त्याच माणसाच्या हातून काम उरकते. बांधिलकीची अपेक्षा करण्याआधी तिला वाव देणे, हे नेतृत्वाचे खरे काम इथे झाले.

आदेश मात्र एकदाच निघतो, टेबल रोज लावावे लागते. सहा गठ्ठे पद्धतीत चालू प्रकरणे, उत्तराची वाट पाहणारी प्रकरणे, नियतकालिके (ठरावीक मुदतीने पाठवायचे अहवाल), स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे कागद आणि नष्ट करायचे कागद वेगळे बांधतात. तपासणीच्या आदल्या रात्री बांधलेले गठ्ठे आणि रोजच्या वापराने कडा मऊ झालेले गठ्ठे अनुभवी अव्वल कारकून लांबूनच ओळखतो.

अधिकाऱ्याच्या बदलीने घडी मोडते, ही या पद्धतीची दुखरी बाजू. राज्याच्या 2005 च्या बदल्या व विलंब प्रतिबंध कायद्याने एका पदावर साधारण तीन वर्षांचा कार्यकाळ आणि कोणत्याही टेबलावर फाइल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त न ठेवण्याचे बंधन घातले. पुढे पुणे विभागात विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी राबवलेल्या ‘झिरो पेंडन्सी’ (एकही काम प्रलंबित न ठेवण्याच्या) मोहिमेतही पहिले काम जुने दप्तर निवडण्याचेच होते.