विदर्भातल्या अमेरिकन गाड्या आणि ‘मूळ रूपा’चा पेच

पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी देणारे नियम जुलै २०२१ मध्ये आले. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, नूतनीकरणाला ५ हजार, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं आणि दहा वर्षांची मुदत. पैसे भरायला हौशी माणूस तयार असतो. घोडं अडतं ते व्याख्येपाशी. गाडी मूळ रूपात असावी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. दर्यापूर, आर्वी, वणी या बाजूच्या वाड्यांतून आजही एखादी डॉज किंवा प्लिमथ निघते, आणि बॉनेट उघडावं तर खाली डिझेल इंजिन. ते तिथं कसं आलं हे कळल्याशिवाय गावात, घरच्या अंगणात अशी गाडी पुन्हा उभी करणाऱ्यांची अडचण कळणार नाही.

या गाड्या इकडे आल्या त्या कापसाच्या आणि जमिनीच्या पैशावर. वऱ्हाडात रयतवारी, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारला भरायचा, तर नागपूर, वर्धा, भंडारा, चांद्याकडे (आताचं चंद्रपूर) मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करणारा मालगुजार मध्ये असायचा. त्यामुळे पश्चिमेकडे गाडी असायची ती कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगवाल्याकडे किंवा मोठ्या खातेदाराकडे, पूर्वेकडे मालगुजाराच्या वाड्यात. शेवरलेची जुळणी १९२८ पासून मुंबईत होत होती. फोर्डचं सामान कॅनडाहून यायचं, कारण उजव्या स्टिअरिंगच्या गाड्या तिकडचा कारखाना काढायचा. १९५१ मध्ये मालगुजारी संपली. १९५३ मध्ये सरकारनं ठरवलं की नुसती जुळणी करणाऱ्यांना यापुढे जागा नाही, भाग इथंच बनवण्याची तयारी असेल त्यांनीच राहावं. शेवरले आणि फोर्ड लवकरच गाशा गुंडाळून गेल्या. क्रायस्लरच्या करारावर चालणारा मुंबईतला कुर्ल्याचा कारखाना टिकला. म्हणूनच माझ्या पाहण्यात आलेल्या बहुतेक गाड्या त्याच घराण्याच्या आहेत: डॉज किंग्जवे, प्लिमथ सव्हॉय, डिसोटो डिप्लोमॅट.

यातली किंग्जवे म्हणजे प्लिमथचीच गाडी, डॉजची जाळी आणि नावपट्टी लावून परदेशी बाजारासाठी काढलेली. अमेरिकेतल्या विक्रेत्याकडे डॉजचं म्हणून दरवाजाचं रबर किंवा मडगार्ड मागवलं तर ते बसत नाही, कारण तिकडची डॉज अंगानं मोठी. प्लिमथचं मागवायचं, नावपट्टीपुरतं डॉजचं. शिवाय कुर्ल्याला जुळताना तिच्यात टायर, बॅटरी इथलेच पडत गेले, आणि पुढे इथल्या भागांची यादी वाढतच गेली. ‘मूळ’ हा शब्द या गाडीच्या बाबतीत पहिल्या दिवसापासूनच असा सैल आहे.

खरी गुंतागुंत १९७३ नंतरची. त्या वर्षाअखेर तेलाचे भाव भडकले आणि पेट्रोल महागलं ते महागलंच. किंग्जवेचं पेट्रोल इंजिन सहा सिलिंडरचं, २१८ घनइंचांचं, म्हणजे साडेतीन लिटरच्याही वर. कच्च्या रस्त्यानं लिटरला सहा-सात किलोमीटर पडले तरी मालक खूश. डिझेल शेतीला लागतं म्हणून त्याचा दर बराच खाली ठेवलेला, आणि ते घरात असायचंच, पंपासाठी, ट्रॅक्टरसाठी. पेट्रोलसाठी तालुका गाठावा लागे. अशा वेळी गाडीवाल्यापुढे तीन वाटा होत्या. भंगारात घालायची, गावोगाव फिरणाऱ्या दलालाला द्यायची, किंवा डिझेल बसवायचं.

ज्यांनी तिसरी वाट धरली त्यांना आज ‘चांगल्या गाडीचा सत्यानाश केला’ असं ऐकवलं जातं. हे ऐकवणाऱ्यांचा मुद्दा अगदीच पोकळ नाही. सहा सिलिंडरचं ते इंजिन इतकं शांत चालायचं की गाडी सुरू आहे की बंद, हे शेजारी बसलेल्याला कळू नये. डिझेलच्या हादऱ्यानं बॉडीचे बोल्ट ढिले पडतात, पत्र्याला कोपऱ्यात चिरा जातात, हे मीही पाहिलं आहे. पण हा निवाडा देताना त्या मिस्त्र्यांनी काय काम केलं, तेही पाहायला हवं.

मद्रासला बनणारं चार सिलिंडरचं पर्किन्स, इंटरनॅशनल बी-२७५ ट्रॅक्टरचं इंजिन, पुढे मॅटाडोर व्हॅनचं, जे हाती लागेल ते घ्यायचं. जुनं इंजिन लांब आणि बुटकं, नवं आखूड आणि उंच. मग चासीच्या पुढच्या आडव्या पट्टीवर वेल्डिंग करून नवे पाय उभे करायचे. इंजिन आणि गिअरबॉक्स यांची तोंडं जुळत नाहीत, म्हणून मधली जाड प्लेट जिनिंगच्या किंवा तालुक्याच्या लेथवर कातून आणायची. तिची भोकं केसभर जरी चुकली तरी क्लच महिनाभरात जळतो. मूळ गाडी ६ व्होल्टची. त्यावर डिझेलचा स्टार्टर हलतसुद्धा नाही, म्हणून १२ व्होल्टची बॅटरी, आणि बॅटरी बदलली की सगळे बल्ब आणि हॉर्न बदला. पुढचं वजन वाढून कॉइल स्प्रिंग दबायची, तिच्याखाली लोखंडी चकत्या टाका. एवढं करून गाडी सत्तरच्या पुढे पळत नसे. पेट्रोल इंजिन पूर्ण ताकद देई मिनिटाला ३६०० फेऱ्यांवर, ट्रॅक्टरचं डिझेल दोन हजारांच्या आगेमागे थांबे, आणि मागच्या चाकांना फिरवणाऱ्या डिफरन्शियलचे दाते तेच. हे सगळं करणारी माणसं ट्रॅक्टरवर शिकलेली होती. इंटरनॅशनलचं सामान इंची मापाचं, त्यामुळे अमेरिकन गाडीला लागणारे इंची पाने त्यांच्या पेटीत आधीच होते.

गाडी चालत राहिली, हे त्याचं फळ. वरात तिच्यातून निघाली, बाळंतीण तिच्यातून दवाखान्यात गेली, सरकी-ढेपेची पोती तिच्या डिकीतून आली. आणि चालत्या गाडीला भंगारवाला भाव विचारत नाही. डॅशबोर्ड, घड्याळ, दरवाज्यांच्या कड्या, काचा, मागची खिडकी, सगळं जागच्या जागी उरलं ते बॉनेटखाली डिझेल होतं म्हणून. पेट्रोलवरच्या ज्या गाड्या त्या काळात ‘पुढे पाहू’ म्हणून उभ्या राहिल्या, त्यांची अवस्था मी जवळून पाहिली आहे. काळ्या मातीवर आठ-दहा पावसाळे उभ्या असलेल्या गाडीचा खालचा पत्रा हातानं निघतो, ब्रेकचे सिलिंडर दगड होतात, वायरिंग उंदीर संपवतात.

पेट्रोल इंजिन या मातीत का टिकेना, त्याला पाण्याचंही कारण आहे. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी मचूळ, आणि रेडिएटरमध्ये तेच जायचं. या इंजिनाच्या ब्लॉकच्या पोटात पाण्याची एक लांब पत्र्याची नळी असते, पुढून, वॉटर पंपामागून आत सरकवलेली. तिला ठरावीक जागी छिद्रं असतात, म्हणजे थंड पाणी सरळ प्रत्येक एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटपाशी पोचतं. नळी गंजून फुटली की पुढच्या सिलिंडरांना पाणी मिळतं, मागचे तापतात, आणि काटा मात्र सगळं ठीक आहे असं दाखवतो. मग हेड गॅसकेट वारंवार जाते आणि दोष गॅसकेटला मिळतो. दर्यापूरकडच्या एका घरी जुनं इंजिन उतरवल्यापासून कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, कोठ्यात दोन लाकडी ओंडक्यांवर ठेवलेलं होतं. त्याची ही नळी काढताना मी तिथं होतो. पंप उतरवला, सळईच्या टोकाला आकडा करून तोंडात अडकवला आणि ओढला, तर बाहेर आला बोटभर तुकडा, भाजलेल्या पापडासारखा. उरलेली नळी अशीच तुकड्यातुकड्यानं निघाली. पोळा आणि तान्हा पोळा, दोन्ही दिवस त्यात गेले. आता पितळी नळी आणली आहे. बसवल्यावर रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणी घालायचं नाही असं ठरलं, आणि पत्र्यावरून पडणारं पावसाचं पाणी दोन ड्रम भरून ठेवलं आहे.

घरी काम करणाऱ्यांना हमखास फसवणाऱ्या आणखी दोन गोष्टी म्हणजे चाकांचे बोल्ट आणि बॅटरीची तोंडं. डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे आहेत. सवयीनं फिरवले की बोल्ट मुळाशी मोडतो आणि ड्रम काढून त्याचा बुंधा कोरावा लागतो. आणि या गाड्यांत चासीला बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक जातं, आजच्या गाड्यांच्या उलट. बिनशिशाच्या पेट्रोलनं व्हॉल्व्हच्या सीट झिजतात ही भीती २००० सालापासून सगळे घालतात, पण या इंजिनाच्या एक्झॉस्ट सीट मुळातच कडक धातूच्या, त्यांना काही होत नाही. खरा त्रास पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलचा. त्यानं पंपाचा जुना पडदा आणि रबरी नळ्या फुगतात, त्या बदलून घ्याव्यात. वैशाखात पेट्रोल नळीतच उकळून गाडी बंद पडते, त्याला पंपावर ओलं फडकं हा जुनाच उपाय आजही चालतो.

आता व्याख्येकडे परत. मोटार वाहन कायद्यात इंजिन बदलायची वाट होती आणि आहे: नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी घ्या, आरसी बुकात नवा इंजिन नंबर आणि इंधन लिहून घ्या. नीट माणसांनी तेव्हा तसंच केलं. दर्यापूरच्या त्या गाडीच्या बुकात ‘डिझेल’ अशी शाईनं केलेली नोंद आहे, खाली सही, शिक्का. म्हणजे कागदोपत्री एक पैशाचीही लबाडी नसलेली गाडी २०२१ च्या व्याख्येत अपात्र ठरते. ज्यानं गपचूप इंजिन बदललं, नोंद केलीच नाही, आणि आता कुठूनतरी तसलंच पेट्रोल इंजिन आणून बसवलं, त्याचं बुक मात्र स्वच्छ. हे मला अन्यायाचं वाटतं, आणि नियम करताना गावाकडच्या गाड्या कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हत्या असंही वाटतं. ‘मोठा फेरफार’ म्हणजे गाडीची ओळख पुसणारा बदल, की गाडी वाचवण्यासाठी केलेला बदल, हा भेद व्याख्येत कुठेच नाही.

त्या घरच्यांनी ठरवलं आहे की कोठ्यातलं इंजिन परत बसवायचं. सिलिंडरचे बोअर मोजून झाले, पिस्टन अमेरिकेतून येताहेत, पुढची चाकं ज्यावर वळतात त्या किंगपिनचे गनमेटल बुश तालुक्यात कातून मिळाले. डिझेलसाठी वेल्ड केलेले पाय ग्राइंडरनं उतरवायचे राहिलेत. ब्लॉकवरचा नंबर घासून वाचला, तो बुकाच्या पहिल्या पानावरच्या नंबराशी जुळतो. मात्र बुकात डिझेलची नोंद असल्यानं, हेच इंजिन बसवायला पुन्हा इंजिन बदलाचाच अर्ज करावा लागणार आहे, आणि मंजूर झाला की बुकात फेरफाराची दुसरी नोंद पडणार आहे.