सकाळची गोळी खाल्ली का?

किडनी ट्रान्सप्लांटच्या ओपीडीत रक्त काढण्याआधी सिस्टर हमखास विचारतात, "सकाळची गोळी खाल्ली का?" पहाटेच्या एसटीने आलेला पेशंट सांगतो, "हो, अगदी वेळेवर." सिस्टर सुई खाली ठेवतात. आजची तपासणी वाया गेली.

ही गोळी टॅक्रोलिमसची. जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या जिवाणूत हे औषध 1984 साली सापडलं. दुसऱ्याची किडनी आपलं शरीर परकी म्हणून ओळखतं आणि तिच्यावर तुटून पडतं. हा हल्ला करणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींना हे औषध आवरतं. (1954 साली बोस्टनला पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण झालं ते एकसारख्या जुळ्या भावांमध्ये, म्हणून तिथे असं औषध लागलंच नाही.) औषध कमी पडलं तर शरीर किडनी नाकारतं. जास्त झालं तर तेच औषध किडनीला इजा करतं. म्हणून रक्तातली पातळी सतत मोजावी लागते, आणि तीही सर्वांत खाली असताना. रात्री नऊला गोळी घेतली असेल तर सकाळी नऊला, पुढची गोळी घेण्याआधी. आधीच गोळी घेतली तर आकडा फुगतो. त्यावर विसंबून डोस कमी केला, तर चांगली चाललेली किडनी धोक्यात येते. तेव्हा गोळी डबीत घालून सोबत आणायची आणि रक्त दिल्यावर घ्यायची.

"हात पुढे करा, बोटं पसरा." बोटं थरथरली की पातळी चढल्याची शंका येते. मग वही उघडते. त्यात रोजचं वजन, बीपी, ताप, लघवीचं माप. दोन दिवसांत दोन किलो वाढले असतील तर ते पाणी, अंगावर धरलेलं बाळसं नव्हे. गणपतीच्या दिवसांत सिस्टर पपनसाचं आवर्जून विचारतात. टॅक्रोलिमस मोडणाऱ्या आतड्यातल्या विकराला (एन्झाइमला) हे फळ अडवतं, आणि तोच डोस अंगावर जास्त पडतो. ही चौकशी मला फार मोलाची वाटते, कारण किडनी नाकारली जात असताना बहुतेक वेळा काहीच दुखत नाही. नुसता क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, वाढतो.

एवढं सगळं होईपर्यंत बाकावर पिशवी सांभाळत एक बाई बसलेली असते. किडनी तिनेच दिलेली. आपल्याकडे जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायकाच जास्त, आई नाहीतर बायको. ओपीडीत मात्र ती पेशंटची नातेवाईक म्हणून येते, स्वतःची फाइल घरी ठेवून. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तिची उरलेली किडनी हळूहळू मोठी होते आणि पूर्वी दोघी मिळून करायच्या त्यातलं साधारण 70 टक्के काम एकटी उचलते. त्यामुळे तिचा क्रिएटिनिन पूर्वीपेक्षा थोडा जास्तच राहणार, त्याने घाबरून जायचं कारण नाही. पण दरवर्षी बीपी, लघवीतलं प्रोटीन आणि क्रिएटिनिन बघायलाच हवं. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून परस्पर पेनकिलर आणायची नाही.

"मावशी, तुम्ही पण या. बाही वर करा."

"मला काय झालंय? त्याचं बघा."

"त्याचं झालं. शेवटचं बीपी कधी बघितलंत?"

मावशी मुलाकडे बघतात. त्यालाही आठवत नाही.