सरकी, मुसळी आणि तीन महिन्यांचा हिशेब

मंडईजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानात थोडा वेळ उभं राहा. तिशी-पस्तिशीतला एखादा गडी आधी उगाच हिरडा-बेहडा मागतो, आणि शेजारच्या बायका गेल्या की हळूच विचारतो, "मुसळी कशी दिली?" सफेद मुसळीच्या सुरकुतलेल्या काड्या, अश्वगंधा, गोखरू, कवचबीज असं सगळं काट्यावर चढतं. "दुधातून घ्या, महिन्यात शुक्राणूंत फरक पडेल."

महिन्यात? शुक्राणू तयार व्हायलाच साधारण ७४ दिवस लागतात, मग पक्व व्हायला आणखी दहा-पंधरा. आज घेतलेल्या पुडीचा हिशेब लागतो तीन महिन्यांनी. शिवाय एकाच माणसाचा शुक्राणूंचा काउंट दोन तपासण्यांत बराच वेगळा येऊ शकतो. पहिला रिपोर्ट खराब, दुसरा आपसूक बरा, आणि श्रेय मुसळीला! म्हणून चाचणीत औषध नसलेली गोळी घेणारा गटही लागतो. अश्वगंधेची अशी एक भारतीय चाचणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. रोज ६७५ मिलिग्रॅम अर्क ९० दिवस दिल्यावर काउंट चांगलाच वाढला, पण पुरुष होते अवघे ४६. गोखरूने टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक वाढतं हा जिममधला लाडका समज तर निरोगी पुरुषांवरच्या चाचण्यांत टिकलाच नाही.

गंमत म्हणजे पुरुषांवर वनस्पतीचा सगळ्यात ठोस परिणाम सिद्ध झाला तो उलट्या दिशेने. सरकीमुळे. जिची पेंड आपण म्हशींना घालतो तीच. चीनमधल्या काही खेड्यांत कच्च्या सरकीच्या तेलात स्वयंपाक व्हायला लागला आणि पाळणे हलायचे थांबले. कारण निघालं गॉसिपॉल, सरकीतलं पिवळं रंगद्रव्य. १९७० च्या दशकात तिथे ८ हजारांहून जास्त पुरुषांना ते गर्भनिरोधक गोळी म्हणून दिलं. काम फत्ते झालं, पण काहींच्या रक्तातलं पोटॅशियम घसरून हातापायांतली शक्ती गेली, आणि कित्येकांचे शुक्राणू गोळी बंद केल्यावरही परतले नाहीत. गोळी मागे पडली. (रिफाइंड तेलातून गॉसिपॉल काढलेलं असतं, फरसाण खाणाऱ्यांनी घाबरू नये.)

त्यामुळे "झाडपाल्याने कसला अपाय?" हे मला पटत नाही. अश्वगंधेने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदीच घातली. आणि 'तासाभरात असर' म्हणणाऱ्या हर्बल कॅप्सूलमध्ये चोरून घातलेलं सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) अनेक देशांत सापडलंय. छातीत दुखलं की जिभेखाली नायट्रेटची गोळी ठेवणाऱ्याने अशी कॅप्सूल घेतली, तर रक्तदाब जिवावर बेतेल इतका कोसळू शकतो.

मूल होत नाही म्हणून तपासायला आलेल्या पुरुषांपैकी साधारण तिघांतल्या एकाच्या वृषणाच्या शिरा फुगलेल्या असतात. डॉक्टरने उभं करून तपासलं की बहुतेकदा हाताला लागतात. मुसळीने त्या बसत नाहीत. पण पुड्या बांधून घेणाऱ्या घरांत बरेचदा बायकोच्या दोन-तीन सोनोग्राफ्या झालेल्या असतात आणि नवऱ्याची वीर्यतपासणी एकदाही नाही.